गुडघ्याची मार्गदर्शिका गावात आणताना काय बदलायचं, काय नाही

गुडघ्याच्या आणि खुब्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसवर (उतारवयात बहुधा दिसणाऱ्या सांध्यांच्या आजारावर) मुळात काय करावं, याबद्दल मोठ्या उपचार-मार्गदर्शिकांत आता फारसा वाद उरलेला नाही. याच आजारावर काम करणाऱ्या ओआर्सी या आंतरराष्ट्रीय संस्थेची 2019 ची, अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीची 2019 चीच, डच फिजिओथेरपी संघटनेची 2018 ची आणि ब्रिटनमधल्या उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या नाइस या संस्थेची ऑक्टोबर 2022 ची, अशा चारही शेजारी ठेवून वाचल्या तर गाभा सारखाच निघतो. आजाराची नीट समज द्या, व्यायाम करून घ्या, वजन जास्त असेल तर उतरवा. पट्टे, इंजेक्शनं वगैरे त्यानंतर.

अडचण दुसरीकडेच आहे. या कागदांमागे एक घर गृहीत धरलेलं असतं. त्यात कमोड, पलंग, जेवायचं टेबल, बाथटब, मोटार असं सगळं असतं आणि फिजिओथेरपिस्ट जवळच असतो. आपल्या ग्रामीण रुग्णालयात येणारी बाई चुलीपुढे बसून भाकऱ्या थापते, निंदणीला तासन्‌तास उकिडवी असते, एसटीची पहिली पायरी दांड्याला लोंबकळून चढते आणि दवाखान्यात आली की तिचा त्या दिवसाचा रोज बुडतो. मग मार्गदर्शिका ‘सोपी’ करायची टूम निघते. व्यायामाचं प्रमाण कमी केलं जातं, चित्रं मात्र जिममधल्या बाकड्याचीच राहतात. झेरॉक्स मारलेल्या त्या कागदावर ‘पाय सरळ उचला, रोज दहा वेळा’ एवढंच असतं. किती वजन बांधायचं, कधी वाढवायचं, दुखलं तर काय करायचं, यातलं काहीच नसतं.

खरं तर याच्या नेमकं उलट करायला हवं. प्रमाण तसंच ठेवायचं, साधनं आणि जागा बदलायची आणि मूळ कागदात जे नाहीच ते नव्यानं लिहायचं.

प्रमाणाला हात लावू नये

व्यायामावरच्या अभ्यासांचा निष्कर्ष साधारण असा आहे की देखरेखीखाली किमान बारा सत्रं झाली तर दुखण्यात जास्त फरक पडतो. डेन्मार्कमध्ये 2013 साली सुरू झालेल्या आणि नंतर कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांत गेलेल्या ‘ग्लॅड’ कार्यक्रमाचा साचाही तोच आहे. माहितीची दोन सत्रं आणि मग आठवड्यातून दोनदा, तासाभराची, सहा आठवडे गटानं व्यायामाची बारा सत्रं.

ताकदीचा व्यायाम आठवड्यातून दोन-तीन दिवस, 10 ते 15 आवर्तनांचे (म्हणजे तीच हालचाल तितक्या वेळा) दोन ते तीन संच. शेवटची दोन आवर्तनं जड गेली पाहिजेत, हा यातला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात आधी गळणारा भाग. पंधरा आवर्तनं गप्पा मारत होत असतील तर वजन वाढवायची वेळ झालेली आहे. दहा वेळा मोकळा पाय उचलणाऱ्या बाईला पहिले पंधरा दिवस बरं वाटतं. नंतर स्नायूवर नवा ताणच येत नाही, म्हणून प्रगती थांबते. मग ती म्हणते, ‘व्यायाम करून पाहिला, गुण नाही’, आणि नोंदवहीत ‘व्यायामानं फरक पडला नाही’ अशी नोंद होते. मुळात तो व्यायाम पुरेसा झालेलाच नसतो.

दुखण्याचा नियम मात्र रुग्णाच्या भाषेत सांगायला हरकत नाही. शून्य ते दहाची पट्टी साठीच्या पुढच्या, शाळेत न गेलेल्या माणसांना कळत नाही. ती विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून त्याला आवडेल तो आकडा सांगतात. पण हीच माणसं आपणहून ‘चार आणे फरक आहे’ असं म्हणतात. तेव्हा रुपयात किती आणे दुखतं, असं विचारावं. व्यायाम करताना आठ आण्यांपर्यंत दुखलं तर चालेल. त्यापुढे गेलं किंवा दुसऱ्या दिवशी सकाळीही नेहमीपेक्षा जास्त राहिलं, तर व्यायाम बंद करायचा नाही, फक्त पुढच्या वेळी वजन किंवा आवर्तनं एक पायरी खाली आणायची. आठ आणे म्हणजे दहापैकी पाच, त्यामुळे मूळ नियम जसाच्या तसा राहतो. तरुण रुग्णांना आणे माहीत नसतात, त्यांना शंभरातले किती असं विचारलेलं बरं.

खुर्चीवरून उठणं, बारकाईनं

एकच व्यायाम नीट शिकवायचा असेल तर हाच शिकवावा. मूळ कागदात 43 सेंटिमीटर उंचीची, न हलणारी खुर्ची गृहीत असते. घरात असते प्लास्टिकची, बहुधा 40 ते 45 सेंटिमीटर उंच. फरशीवर ती मागे सरकते आणि जुनी असेल तर पाय फाकतात. म्हणून ती पाठीमागून भिंतीला टेकवायची. हातांचा आधार घेतल्याशिवाय उठताच येत नसेल तर बैठकीवर गोधडीची घडी घालून उंची पाच-सात सेंटिमीटर वाढवायची. जमायला लागलं की एकेक घडी काढायची. वजन न वापरता भार वाढवण्याची याहून स्वस्त युक्ती नाही.

पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे. पुढे वाकून नाक पायाच्या बोटांच्या वर आणायचं आणि दोन सेकंदांत उठायचं. बसताना तीन सेकंद घ्यायचे. बहुतेकांचं बिघडतं ते बसताना. शेवटच्या वीतभर अंतरात माणूस स्वतःला सोडून देतो, आणि जिना उतरताना जी ताकद लागते ती कमवायची संधी तिथेच जाते.

दुसरी चूक गुडघे आत पडण्याची, आणि इथे एक अडचण कुठल्याच परदेशी कागदात सापडणार नाही. साडीत गुडघा दिसत नाही. फिजिओथेरपिस्ट समोर उभा राहून ‘गुडघे बाहेर ठेवा’ म्हणतो तेव्हा तो अंदाजानंच बोलत असतो. यावर तीन उपाय चालतात. एक, बायकांचा गट वेगळा, शक्यतो फिजिओथेरपिस्ट बाईच, आणि सत्राला पंजाबी ड्रेस किंवा आतून सलवार. दोन, नऊवारी असेल तर प्रश्नच नाही, काष्ट्यात गुडघा मोकळा असतो. तीन, फरशीच्या सांध्याची रेघ. पायाचं दुसरं बोट रेघेवर ठेवायचं आणि उठताना-बसताना गुडघ्यावर ठेवलेला हात रेघेवरून आत जाऊ द्यायचा नाही. हे तिचं तिला घरीही तपासता येतं.

वजनं आणि बाकी सामान

घोट्याला बांधायची विकत वजनं हवीतच असं नाही. धुऊन उन्हात कोरडी केलेली वाळू दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत भरायची, अर्ध्या-अर्ध्या किलोच्या. वाळू ओली राहिली तर वजन फसवं येतं आणि पिशवीला वास येतो. जुन्या सलवारीच्या पायात दोन पिशव्या घालून मधे गाठ मारली की घोट्याच्या दोन्ही बाजूंना भार सारखा बसतो. एकाच बाजूला लटकलेली पिशवी पाय फिरवते. वजन किराणा दुकानाच्या काट्यावर करून घ्यावं, अंदाजानं नको. सुरुवात अर्ध्या किंवा एक किलोनं, मग अर्ध्या अर्ध्या किलोनं वाढ.

रबरी पट्ट्या कोकणातल्या दमट हवेत एकमेकींना चिकटतात आणि सुट्या करताना फाटतात. टाल्कम पावडर लावून ठेवल्या तर जास्त टिकतात. सायकलची ट्यूब चालते, पण ती फारच कडक असते. उभी चिरून अर्ध्या रुंदीची केली तर वापरण्याजोगी होते.

खुब्याच्या बाजूच्या स्नायूंसाठी कुशीवर झोपून पाय उचलणं उत्तम, पण मऊ गादीत कंबर रुतते आणि सगळा व्यायाम वाकडा होतो. खाली सतरंजीवर झोपता-उठता येत नसेल तर स्वयंपाकाच्या ओट्याला दोन्ही हातांनी धरून पाय बाजूला न्यायचा. इथे धड विरुद्ध बाजूला कलंडतं, मग पाय बराच वर गेल्यासारखा दिसतो पण खुबा कामच करत नाही. पाय वीतभरच जावा आणि धड सरळ राहावं.

पायरीच्या व्यायामाला पाट वापरू नये. गुळगुळीत फरशीवर तो सरकतो. उंबरा किंवा अंगणाची पहिली पायरी, जवळ धरायला भिंत असलेली, हीच जागा योग्य.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. पुष्कळ लोक ती दुखऱ्या बाजूलाच धरतात. सरळ उभं राहून हात सोडल्यावर मनगटाच्या घडीपर्यंत उंची हवी, आणि खालचं रबरी बूच झिजलं की बदलायला हवं. ओल्या फरशीवर झिजलेल्या बुचाची काठी असून नसल्यासारखी.

मांडी घालायची की नाही

परदेशी मार्गदर्शिकांत हा प्रश्नच नाही. आपल्याकडे मात्र पहिल्याच भेटीत बंदीची यादी मिळते: मांडी नको, उकिडवं नको, जिना नको, खाली बसणं तर अजिबात नको. ज्या बाईचा स्वयंपाक, जेवण, पूजा, संडास सगळं जमिनीलगत चालतं, तिला हे सांगणं म्हणजे ‘जगू नका’ सांगण्यासारखं आहे. ती मान डोलावते, घरी जाऊन पूर्वीचंच करते आणि वर अपराधी वाटून घेते.

पुरावा काय सांगतो? बीजिंगमधल्या मोठ्या पाहणीत तरुणपणी रोज दीर्घकाळ उकिडवं बसणाऱ्यांत पुढे गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस जास्त दिसला. म्हणजे तासांचा हिशेब महत्त्वाचा. जेवणापुरती पंधरा मिनिटं मांडी घालणं आणि दिवसभर निंदणी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्थानिक मार्गदर्शिकेत हे असं वेगळं करूनच लिहायला हवं.

जे टाळता येतं ते टाळावं. भारतीय संडासावर ठेवायचा कमोड-स्टूल आणि भिंतीत पक्का बसवलेला दांडा. खिळ्याला बांधलेली दोरी नको, भार आला की खिळा उपटतो. भाकरी ओट्यावर थापावी, धुणं उंच दगडावर. निंदणीत उकिडवं बसणं सलग न ठेवता दर वीस-पंचवीस मिनिटांनी उठून दोन-चार मिनिटं उभ्याचं काम करावं. बसून सरकायची सवय असेल तर बुटकं स्टूल कमरेला बांधून नेता येतं.

आणि जे टाळता येत नाही किंवा टाळायचं नाही, त्याची तयारी करून घ्यावी. मांडी घालायला किंवा उकिडवं बसायला गुडघा साधारण 130 अंश किंवा त्याहून जास्त वाकावा लागतो. खुर्चीवर बसायला नव्वदच्या आसपास पुरतं. त्यामुळे ‘110 अंश वाकतो, छान’ ही नोंद लंडनमध्ये ठीक, इथे अपुरी. खुर्ची, मग बुटकं स्टूल, मग गादीची उंच घडी, मग जमीन, अशी उतरण काही आठवड्यांत करवून घ्यायची. जमिनीवरून उठणं वेगळं शिकवावं: एका कुशीला वळून हात-गुडघ्यांवर यायचं, गुडघ्यांखाली गोधडी, चांगल्या पायाचं पाऊल पुढे टेकवायचं, हात स्टुलावर आणि मग उठायचं. दुखरा पाय पुढे टेकवला की अर्ध्यावरच अडकायला होतं.

कागदात नसलेले धोके

नाइस म्हणते की वय 45 किंवा जास्त, हालचालीनं वाढणारं दुखणं आणि सकाळचा ताठरपणा नाही किंवा अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही, एवढ्यावर निदान करा, एक्स-रे नेहमी लागत नाही. हा नियम आपल्याकडेही चांगला आहे, पण सोबतची धोक्याची यादी आपल्याला लांबवावी लागते.

एकच गुडघा किंवा खुबा महिनोन्‌महिने सुजलेला, रात्री दुखतो, वजन घटतंय, संध्याकाळी ताप येतो: क्षयरोग डोक्यात यायलाच हवा. बरेच सांधे एकदम दुखतात आणि काही महिन्यांपूर्वी मोठा ताप येऊन गेला: चिकनगुनिया विचारा. विदर्भातल्या आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागातल्या तरुण माणसाला जांघेत दुखतंय: सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटला असण्याची शक्यता असते. तीच गोष्ट दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्यांची आणि भरपूर दारू पिणाऱ्यांची. सुरुवातीला एक्स-रे निर्दोष येतो, एमआरआयशिवाय कळत नाही. आणि बाजारात मिळणारी ‘गुडघ्याची पुडी’ विचारायला विसरू नये. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे.

आशियाई लोकांत खुब्याचा प्राथमिक ऑस्टिओआर्थ्रायटिस गोऱ्या लोकांपेक्षा बराच कमी, गुडघ्याचा मात्र भरपूर. म्हणून परदेशी कागदातली खुब्याची पानं तशीच उतरवून घेण्यापेक्षा ‘खुबा दुखतोय, पण हे दुसरंच काही आहे का’ हे पान आधी लिहावं. शिवाय खुब्याचं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं. गुडघा तपासून काहीच सापडलं नाही तर रुग्णाला उताणं झोपवून खुबा आतल्या बाजूला फिरवून पाहावा.

वजनाच्या बाबतीतही आकडे बदलतात. भारतीयांसाठी बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) 23 च्या पुढे जास्त वजन आणि 25 च्या पुढे लठ्ठपणा धरतात, पाश्चात्त्य मोजपट्टीत तेच 25 आणि 30. म्हणजे 155 सेंटिमीटर उंचीची 58 किलोची बाई तिकडच्या कागदानुसार ठीक, इकडच्या कागदानुसार वजन उतरवायला हवं अशी. एक किलो उतरलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. कितीही उतरलं तरी फायदाच, आणि पाच टक्क्यांपेक्षा दहा टक्के बरे. पण समोर 42 किलोची शेतमजूर बाई बसलेली असताना सवयीनं ‘वजन कमी करा’ म्हणणारेही आहेत. तिला उसळ, डाळ, अंडं, ताक वाढवायला सांगायचं असतं. स्नायू बांधायचे तर प्रथिनं लागणारच.

मशीन

हा सगळ्यात अवघड भाग, कारण तो पुराव्याचा नसून गल्ल्याचा आहे. नाइस 2022 म्हणते की टेन्स, अल्ट्रासाउंड, इंटरफेरेन्शियल, लेझर, शॉर्टवेव्ह या मशीननं द्यायच्या उपचारांतलं काहीच ऑस्टिओआर्थ्रायटिसला देऊ नका. अमेरिकन मार्गदर्शिकेचाही टेन्सला ठाम नकार आहे. इकडे ‘दहा दिवसांचा शेक’ हेच फिजिओथेरपीचं दुसरं नाव. रुग्ण मशीनचे पैसे देतो, व्यायामाचे द्यायला कुरकुरतो. स्थानिक मार्गदर्शिका लिहिणाऱ्या समित्या इथे हमखास ‘उपलब्ध असल्यास द्यावे’ असं मोघम वाक्य घालून सुटतात. ते वाक्य एकदा आत गेलं की सत्राचा अर्धा वेळ मशीनच्या टायमरवर जातो.

शुल्क मशीनवर न ठेवता सत्रावर ठेवावं. शेक हवाच असेल तर घरी गरम पाण्याची पिशवी पंधरा मिनिटं, व्यायामाच्या आधी. आणि रुग्णाला सरळ सांगावं: ‘मावशी, मशीननं थोडा वेळ बरं वाटेल, पण पायात ताकद येणार नाही. एसटीत चढायला ताकद लागते.’ हे बहुतेकींना पटतं. ‘ग्रीस संपलं’, ‘गॅप गेला’, ‘वाटी घासली’ ही वाक्यं मात्र आपण स्वतः बोलणं थांबवायला हवं. ज्याला सांधा घासून संपतोय असं वाटतं, तो पाय हलवायलाच घाबरतो.

मोजायचं कसं

गुडघा-खुब्याचा त्रास मोजणाऱ्या वोमॅकसारख्या प्रश्नावलीत बाथटबमधून बाहेर येणं आणि मोजे घालणं विचारलेलं असतं. तिथे आपल्या मनानं ‘बादली उचलणं’ घालून गुण मिळवू नयेत. प्रश्न बदलला की प्रश्नावलीची प्रमाणता गेली, आणि तिचे हक्कही कोणाचे तरी असतात. त्याऐवजी रुग्णाला स्वतःची तीन कामं निवडू द्यावीत, जसं पाटावर पूजेला बसणं, एसटीत चढणं, डोक्यावर हंडा घेऊन चढण चढणं. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण, पट्टी कळत नसेल तर आण्यांत विचारून दहाच्या हिशेबात मांडलेले. तिन्हींच्या सरासरीत दोन गुणांचा फरक पडला तर तो खरा मानावा.

जोडीला खुर्चीची चाचणी: हात छातीवर दुमडून 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता आलं. खुर्चीची उंची मोजून तिच्यावरच मार्करनं लिहून ठेवावी आणि दर वेळी तीच वापरावी, नाहीतर सहा आठवड्यांनी दिसणारी प्रगती खुर्चीचीच असू शकते. चालण्यासाठी अंगणात दहा मीटरवर फक्कीच्या दोन रेघा, भरभर चार फेऱ्या म्हणजे 40 मीटर. नोंदी सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि वर्षानं.

बारा सत्रं बसवायची कुठे

पंचांगापेक्षा पीक बघावं. कोकणात जून-जुलैत लावणी आणि ऑक्टोबरात कापणी, तेव्हा गट दिवाळीनंतर. कापसाच्या पट्ट्यात पावसाळ्यात निंदणी, पुढे वेचणी हिवाळाभर चालते, म्हणून मार्च ते मे, पण सकाळी सातच्या आत. ऊसतोडीला गेलेली माणसं एप्रिलपर्यंत गावात नसतातच. आठवडी बाजाराच्या दिवशी लोक तालुक्याला येतातच, दोनपैकी एक सत्र त्या दिवशी ठेवलं तर वेगळा रोज बुडत नाही. दुसरं गावातच, समाजमंदिरात किंवा बचत गटाच्या बैठकीला जोडून.

बारापैकी किमान सहा समोरासमोर आणि त्यातली पहिली चार सलग, कारण भार वाढवायला शिकवणं याच काळात होतं. उरलेली फोनवर. आशाताईंवर व्यायाम ठरवण्याचं काम टाकू नये. त्यांच्याकडे आधीच ढीगभर कामं आहेत. त्यांनी तीनच गोष्टी विचाराव्यात: आठवड्यात किती वेळा केलं, पिशवीत किती किलो आहे, सकाळी किती आणे दुखतं. जिल्हा रुग्णालयात ज्येष्ठ नागरिकांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली फिजिओथेरपीची सोय धरलेली आहे. पहिली तपासणी आणि अवघड रुग्ण तिकडे पाठवावेत.

हे सगळं लेखी करण्याची रीतसर पद्धत आहे. मूळ मार्गदर्शिकेचा दर्जा अ‍ॅग्री-2 या 23 मुद्द्यांच्या साधनानं तपासतात. मग ग्रेड या शिफारशी तोलायच्या पद्धतीच्या चौकटीत प्रत्येक शिफारशीपुढे खर्च, समानता, स्वीकार आणि शक्यता यांचा विचार करून ठरवतात की ती जशीच्या तशी घ्यायची, बदलून घ्यायची की नवी लिहायची. समितीत फिजिओथेरपिस्ट आणि अस्थिरोगतज्ज्ञ असतातच. एक आशाताई आणि गुडघे दुखणाऱ्या दोन बायकाही हव्यात, आणि त्या दिवसाचा त्यांचा रोज द्यायला हवा. प्रत्येक बदलापुढे कारण लिहावं. ‘बारा सत्रांऐवजी सहा समोर, सहा फोनवर: अंतरामुळे’ असं. ‘पुराव्यामुळे’ आणि ‘अंतरामुळे’ या दोन नोंदी वेगळ्या ठेवल्या की रस्ता झाला, फिजिओथेरपिस्टचं पद भरलं, तर कोणती शिफारस मूळ रूपात परत आणायची ते पुढच्या समितीला शोधावं लागत नाही.